माती स्वच्छ करण्याच्या पद्धतीवर मालकी कुणाची?

पुण्याहून सातारा रस्त्याने निघून नसरापूर फाट्याला उजवीकडे वळले आणि राजगडाच्या दिशेने जाऊ लागले, की वाटेत मार्गासनी लागते. गडावर जाणाऱ्या पुणेकरांना हे गाव परिचयाचे आहे ते चहासाठी थांबण्याचे ठिकाण म्हणून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरे, पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन. या जमिनीतील चिमूटभर माती उचलली, तर त्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. ते कुजवतात, जिरवतात, नत्र धरून ठेवतात, आणि त्यांतील काही चक्क तेलही खातात.

आता एक कल्पना करू. समजा, एखाद्या संशोधकाने मार्गासनीच्या खाचरातील माती नेली आणि तीत त्याला डिझेल झपाट्याने फस्त करणारा जिवाणू सापडला. त्याने त्यावर प्रयोग केले आणि पेटंटसाठी अर्ज केला. पुढे कुठेतरी एखाद्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली, आसपासची माती नासली, विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. माती स्वच्छ करण्याचा उपाय ठाऊक आहे, जिवाणू उपलब्ध आहे; परंतु परवानगीशिवाय तो वापरता येत नाही. अशा वेळी हक्क कुणाचा? शोधणाऱ्याचा, जिच्या पोटातून जिवाणू निघाला त्या गावाचा, की ज्याची जमीन नासली त्याचा?

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र नियम अधिसूचित केले. घातक रसायनांनी नासलेल्या जागा शोधणे, त्यांची तपासणी करणे, त्या स्वच्छ करण्याचा आराखडा ठरवणे आणि ज्याने प्रदूषण केले त्याच्याकडून खर्च वसूल करणे, अशी व्यवस्था या नियमांत आहे. तेव्हापर्यंत देशात अशी १०३ स्थळे निश्चित झाली होती आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते. जे काम आजवर ऐच्छिक वाटत होते, ते आता कायद्याने करावे लागणार आहे. आणि जे काम करणे भाग असते, त्याच्या पद्धतीवर ज्याची मालकी असते, त्याच्या हाती मोठी सत्ता येते.

माती धुणे म्हणजे काय?

नासलेली माती स्वच्छ करण्याचे मार्ग ढोबळमानाने चार. पहिला सर्वांत जुना आणि सर्वांत महागडा : माती खणायची, वाहून न्यायची आणि सुरक्षित खड्ड्यात पुरायची किंवा भट्टीत जाळायची. दुसरा मार्ग विष जागच्या जागी बांधून टाकण्याचा. शिशासारखा धातू नष्ट करता येत नाही. मात्र मातीत फॉस्फेट मिसळले तर शिसे त्याच्याशी जोडले जाऊन न विरघळणारे खनिज तयार होते. विष राहते, पण ते पाण्याबरोबर वाहत नाही. तिसरा मार्ग जिवाणूंचा. तेलासारखी कार्बनी द्रव्ये हे काही जिवाणूंचे अन्नच असते. त्यांना हवा, ओलावा आणि नत्र-स्फुरद पुरवले, की ते तेलाचे रूपांतर कर्बवायू व पाण्यात करतात. चौथा मार्ग वनस्पतींचा. काही झाडे मुळांवाटे धातू शोषून पानांत साठवतात. ती वाढवायची, कापायची आणि धातूसह उचलून न्यायची.

या चारही मार्गांत एक गोष्ट समान आहे. वापरली जाणारी सामग्री, म्हणजे फॉस्फेट, जिवाणू, झाड, ही बहुधा निसर्गातली किंवा बाजारात सहज मिळणारी असते. नवे असते ते तिच्या वापराचे कौशल्य : किती, केव्हा, कशाबरोबर. पेटंटचे सारे वाद या कौशल्याभोवती फिरतात. कुठवर निसर्ग आणि कुठून माणसाची करामत, ही रेषा आखणे सोपे नाही.

तेल खाणारा जिवाणू

ही रेषा आखण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न एका भारतीयाच्या संशोधनावरून झाला. पश्चिम बंगालमधील सैंथिया येथे जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत संशोधक होते. तेलातील वेगवेगळे घटक पचवण्याची क्षमता वेगवेगळ्या जिवाणूंत विखुरलेली असते; चक्रवर्तींनी ती स्यूडोमोनास जातीच्या एकाच जिवाणूत एकत्र आणली. १९७२मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. जिवाणू तयार करण्याची प्रक्रिया आणि पेंढ्यासारख्या तरंगत्या पदार्थावर जिवाणू बसवून तो तेलावर टाकण्याची कल्पना, हे दोन्ही पेटंट कार्यालयाने मान्य केले. खुद्द जिवाणूवर मात्र हक्क नाकारला. सजीवावर पेटंट कसे द्यायचे, हा आक्षेप होता.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. वस्तू सजीव की निर्जीव हा प्रश्न नसून ती निसर्गाने घडवली की माणसाने, हा प्रश्न आहे, असे बहुमताचे सार होते. जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगाचा पाया या निकालाने घातला, असे म्हटले जाते आणि ते खरेही आहे. गंमत अशी, की ज्या जिवाणूवरून एवढे रामायण झाले, तो तेलगळती साफ करण्यासाठी प्रत्यक्षात कधीच मोकळा सोडण्यात आला नाही. प्रयोगशाळेत घडवलेला जीव उघड्यावर सोडावा की नाही, या शंकेने त्याची वाट अडवली. चक्रवर्तींचे २०२०मध्ये निधन झाले.

भारतात या कामाने वेगळे वळण घेतले. दिल्लीच्या टेरी या संस्थेतील डॉ. बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांत फेरफार न करता, निसर्गात आढळणाऱ्या तेलभक्षी जिवाणूंचा समूह निवडून तो मक्याच्या कणसाच्या भुकटीवर बसवला. ‘ऑइलझॅपर’ या नावाने तो ओळखला जातो आणि तेलक्षेत्रांतील गाळ व माती साफ करण्यासाठी वापरला गेला आहे. त्यासाठी ओएनजीसी आणि टेरी यांनी मिळून स्वतंत्र कंपनीही काढली. जिवाणू निसर्गाचेच, पण त्यांची निवड, प्रमाण आणि वाहक माणसाचा. पेटंटच्या दृष्टीने विचार करायचा, तो या दुसऱ्या भागाचा.

मोहरीची शेती, धातूचे पीक

वनस्पतींच्या बाबतीत तर आपल्या फोडणीतली मोहरीच पेटंटच्या कागदांत जाऊन बसली. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील इल्या रास्किन आणि सहकाऱ्यांना १९९४मध्ये मोहरीवर्गीय वनस्पतींच्या साहाय्याने मातीतील धातू काढण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळाले. शिसे शोषण्याच्या बाबतीत आपली मोहरी त्यांत आघाडीवर होती. पेटंट मोहरीवर नव्हते, धातू काढण्यासाठी तिचा विशिष्ट रीतीने वापर करण्यावर होते, हे लक्षात ठेवायला हवे. कोणाच्याही शेतातील मोहरीवर त्याने हक्क येत नव्हता. त्या पेटंटची मुदत आता संपली आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील रूफस चेनी आणि मेरीलँड विद्यापीठातील सहकारी यांनी निकेल शोषणाऱ्या अ‍ॅलिसम वर्गातील झाडांचे ‘पीक’ घेऊन त्यांच्या राखेतून निकेल मिळवण्याची पद्धत विकसित केली. माती साफ होईल आणि धातूही हाती लागेल, अशी ही दुहेरी फायद्याची कल्पना. १९९८मध्ये तिला पेटंट मिळाले आणि व्यापारी वापराचे हक्क एका खासगी कंपनीकडे गेले. कंपनीने ऑरेगन राज्यात ही झाडे लावली. पण उद्योग उभा राहिला नाही. उलट ती झाडे शेताबाहेर पसरली आणि राज्याला त्यांची गणना उपद्रवी तणांत करावी लागली. हक्क एका हाती असल्याने इतरांना व्यापारी प्रयत्न करण्याची वाट जवळपास बंद झाली होती. २०१५मध्ये पेटंटची मुदत संपली आणि त्यानंतर जगात इतरत्र या कल्पनेने पुन्हा जोर धरला.

पेटंट म्हणजे समाजाने संशोधकाशी केलेला करार असतो. संशोधकाने गुपित उघड करायचे, बदल्यात त्याला वीस वर्षांचा एकाधिकार मिळतो. पण ज्याच्या हाती हक्क आहे त्याने ना स्वतः काम तडीस नेले, ना इतरांना करू दिले, तर समाजाने बदल्यात मिळवले काय?

न्यायालयात पोचलेली माती

माती साफ करण्याच्या पद्धतीवरून थेट न्यायालयात झालेला एक वाद येथे उपयोगी पडतो. न्यूयॉर्क राज्यातील कॉलोनी येथे एका जुन्या कारखान्याच्या जागेत शिसे आणि युरेनियम मिसळलेली माती होती. तिची सफाई अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाकडे आली आणि त्याने ‘शॉ’ या कंपनीला ठेका दिला. शॉने शिसे बांधण्यासाठी मातीत फॉस्फोरिक आम्ल वापरले. अशा पद्धतीवर आपली पेटंटे आहेत, असे म्हणत ‘सेव्हेन्सन’ या कंपनीने शॉवर दावा लावला.

संघीय अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००७मध्ये निकाल दिला, तो शॉच्या बाजूने. पेटंट खोटे आहे असे न्यायालय म्हणाले नाही. काम सरकारसाठी आणि सरकारच्या संमतीने झाले असल्याने ठेकेदाराला कोर्टात खेचता येणार नाही. भरपाई हवी असल्यास ती सरकारकडे मागावी, असा त्याचा अर्थ. सफाई थांबणार नाही आणि संशोधकाचा मोबदलाही बुडणार नाही, असा हा मधला मार्ग होता.

आपल्याकडे याला समांतर तरतूद आहे. भारतीय पेटंट कायद्याचे कलम १०० केंद्र सरकारला, आणि त्याने लेखी अधिकार दिलेल्या व्यक्तीला, सरकारी कामासाठी पेटंट वापरण्याची मुभा देते. मोबदल्यावर एकमत झाले नाही तर तो उच्च न्यायालय ठरवते. परंतु हे कवच आपोआप अंगावर येत नाही. माती थोपवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम धाग्यांच्या जाळीदार पेट्यांवरून पुण्याच्या गरवारे वॉल रोप्स कंपनीने एका ठेकेदाराविरुद्ध दावा केला होता. रेल्वेचे काम आहे एवढ्यावरून ठेकेदाराला पेटंट वापरण्याची मोकळीक मिळते, हे म्हणणे मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात मान्य केले नाही. २००९च्या विधी-अहवालांत आलेला हा निकाल उद्या माती साफ करण्याचे ठेके देणाऱ्या प्रत्येक पालिकेने आणि महामंडळाने वाचून ठेवावा असा आहे. ठेका देताना पद्धत कोणाची, परवानगी कोणाची आणि मोबदला कोण देणार, हे लिहून ठेवले नाही, तर काम अर्ध्यावर अडकण्याची भीती आहे.

मार्गासनीचा जिवाणू कायद्याच्या कसोटीवर

आता पुन्हा आपल्या काल्पनिक जिवाणूकडे वळू. भारतीय कायद्याचे कलम ३ त्याची कडक परीक्षा घेते. निसर्गात असलेल्या सजीव वा निर्जीव वस्तूचा केवळ शोध लागणे, हे पेटंटयोग्य नाही. म्हणजे खाचरात सापडलेला जिवाणू जसाच्या तसा कोणाच्याही नावावर होऊ शकत नाही. चार जिवाणू एकत्र केले आणि त्यांनी आपापलेच काम केले, तर ते नुसते मिश्रण ठरते. एकत्र येण्याने काही वेगळा परिणाम साधला, तरच दावा टिकू शकतो. माणसाने बदललेल्या सूक्ष्मजीवाला मात्र २००२च्या दुरुस्तीनंतर दार उघडे आहे. त्याच वर्षी कोलकाता उच्च न्यायालयाने लसीसंबंधीच्या डिमिनाको प्रकरणात, प्रक्रियेतून निघणारी वस्तू सजीव आहे एवढ्या कारणाने पेटंट नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला होता.

अर्जदाराला आणखी दोन गोष्टी कराव्या लागतात. शब्दांत पूर्ण वर्णन करता न येणारा, सहज न मिळणारा जिवाणू मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो, आणि तो कुठून आणला हे सांगावे लागते. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव संग्रहाला २०११मध्ये बुडापेस्ट करारानुसार अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मार्गासनीचा जिवाणू जपून ठेवायला दूरदेशी जाण्याचे कारण नाही.

दुसरी बाजू जैवविविधता कायद्याची. २००२च्या या कायद्याप्रमाणे भारतातील जैविक संसाधनावर आधारित हक्क मागणाऱ्याला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागत असे. २०२३च्या दुरुस्तीने भारतीय अर्जदारांसाठी ही अट सैल केली. त्यांना पेटंट मिळण्यापूर्वी नोंदणी करावी लागते आणि व्यापारी वापर करण्याआधी परवानगी. परदेशी अर्जदारांना पूर्वपरवानगी कायम आहे. लाभातला वाटा स्थानिकांपर्यंत पोचावा, ही या कायद्याची मूळ भूमिका. त्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. मात्र नोंदवहीत झाडे, पक्षी, औषधी मुळ्या असतात. पायाखालची माती आणि तिच्यातील अदृश्य प्रजा कोण नोंदवणार?

शेतकऱ्यांसमोर झालेला प्रयोग

नोंदीचे महत्त्व काय असते, हे महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहे. हळदीचे पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने १९९७मध्ये रद्द करून घेतले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कडुनिंबाची कथा तितकी परिचित नाही. कडुनिंबाच्या तेलाने बुरशी आटोक्यात आणण्याच्या पद्धतीवर अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना युरोपीय पेटंट मिळाले होते. त्याला आव्हान दिले गेले, तेव्हा म्युनिकमध्ये साक्षीसाठी उभे राहिले ते पुण्याचे उद्योजक अभय फडके. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांसमोर कडुनिंबाच्या अर्काचे प्रयोग झाले होते, म्हणजे पद्धत आधीच लोकांसमोर आलेली होती, हे त्यांच्या पुराव्यातून पुढे आले. मे २००० मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने पेटंट रद्द केले आणि मार्च २००५मध्ये अपीलही फेटाळले गेले.

हे प्रयोग न्यायालयात लढण्यासाठी झाले नव्हते. ते बांधावर, चार माणसांदेखत झाले होते, आणि कधी झाले ते सांगता येत होते. एवढ्याने एक बलाढ्य दावा कोसळला.

माती साफ करण्याच्या क्षेत्रात हीच गोष्ट दुपटीने खरी आहे. पेटंट कायद्याच्या कलम १००मध्येच एक सहसा न वाचले जाणारे पोटकलम आहे : पेटंटचा दावा पुढे येण्याआधी सरकारने किंवा सरकारी उपक्रमाने तीच पद्धत कागदावर नोंदवली असेल किंवा आजमावून पाहिली असेल, तर सरकारी वापरासाठी एक पैसाही मोबदला द्यावा लागत नाही. म्हणजेच नागपूरच्या ‘नीरी’ची चाचणी, कृषी विद्यापीठाचा प्रयोग, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल, हे केवळ फायलीतले कागद नसतात. ते उद्याची ढाल असतात. नीरीने भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या जागेचा अभ्यास करून तेथील सुमारे ११ लाख टन माती स्वच्छ करण्याची गरज असल्याचा अंदाज दिला होता. एवढ्या मातीवर कोणती पद्धत चालवायची, याचा निर्णय घेताना प्रत्येक टनामागचा परवाना-शुल्काचा एकेक रुपयाही किती मोठा होतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

अर्थात पेटंट म्हणजे लूट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. माती साफ करणारी पद्धत शोधायला वर्षे लागतात. मोबदल्याची आशा नसेल तर तो खटाटोप कोण करील? अमेरिकेचे पेटंट भारतात आपोआप लागू होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. येथे हक्क हवा असेल तर येथेच अर्ज करावा लागतो. आणि अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्यापूर्वी, त्यावर हरकत घेण्याचा अधिकार आपल्या कायद्याने कोणाही व्यक्तीला दिला आहे. २०२४च्या नियमांनी अशा हरकतीला शुल्क आणि प्राथमिक छाननी लावली असली, तरी दार बंद झालेले नाही. पण हरकत घ्यायला नुसता संताप पुरत नाही, तारीख असलेला पुरावा लागतो.

मार्गासनीसारख्या गावातील शेतकरी खाचरात पेंढा कुजवतो, तरवे भाजतो, शेणखत घालतो. कोणत्या कोपऱ्यात काय टाकल्यावर जमीन सुधारली, हे त्याला ठाऊक असते. लिहिलेले मात्र क्वचितच असते. शाळेतील विज्ञानशिक्षक, कृषी सहायक, ग्रामसेवक यांनी मिळून हे टिपले, दिनांक घातला, नोंदवहीत चार ओळी वाढवल्या, तर त्याला फारसा खर्च नाही. जमिनीच्या हक्कासाठी सातबारा लागतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मातीच्या ज्ञानाचाही सातबारा लागतो, हे मात्र शिकायचे अजून राहिले आहे.